ओटीच्या खणातली माती

अहो, तुम्ही गेलात आणि या घरात चहाला खळ राहिला नाही. सेक्टरमधली माणसं, तुमच्या ऑफिसातली, मंडळातली, सगळी येऊन बसत होती, आणि नागपूरहून आलेल्या वन्सं गॅसवरचं पातेलं खाली उतरूच देत नव्हत्या. मी सवयीने प्रत्येक वेळी गाळणं बाल्कनीतल्या वर्तमानपत्रावर झटकत होते. बघता बघता चोथ्याचा हा ढीग झाला. जन्मभर आपल्या दोघांच्या कपांतला चोथा वाळवून तुम्ही तुमच्या फळीवरच्या स्टेशनाची जमीन केलीत, आणि आता अख्ख्या जंक्शनला पुरेल एवढा माल पडला होता तर तो उचलायला तुम्ही नव्हतात. शेवटी वन्संनीच तो गोळा करून कचऱ्यात टाकला. "वहिनी, माशा घोंगावतायत गं," म्हणाल्या. मी आत जाऊन पडले.

तेरावं झालं, पाहुणे गेले. नंदन म्हणतो, आता नोएडात एकटी राहायचं नाही. उद्या टेम्पो येईल आणि मी गुडगावला त्याच्या फ्लॅटवर जाईन. तुमचं स्टेशनही येणार आहे. पोराने टेप नेऊन तिथल्या लिफ्टचं माप काढून आणलंय. "आई, थोडं तिरकं केलं तर बिल्कुल जाईल," म्हणाला. तुमचं स्टेशन तिरकं! तुम्ही असतात तर आधी त्यालाच घराबाहेर काढलं असतंत. मी एवढंच म्हणाले की आजचा दिवस थांब, माझं थोडं काम राहिलंय. त्याला वाटलं, डबे भरायचे असतील.

काम कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे. कडुलिंबाखालचं टक्कल.

लग्न होऊन मी करोल बागेतल्या त्या दीड खोलीत आले तेव्हा मला सांगण्यात आलं की पलंगाखाली केरसुणी घालायची नाही. तिथे प्लायवूडच्या फळीवर एक स्टेशन होतं. वऱ्हाडातल्या नॅरोगेजच्या लायनीवरचं, मामंजी जिथे स्टेशनमास्तर होते, तुम्ही जिथे वाढलात, ते. बोटाएवढी दारं, हातभर फलाट, एक मालधक्का, बाजूला क्वार्टर. मला वाटलं खेळणं आहे. "कुठून विकत घेतलंत?" असं विचारलं मात्र, तुमचा चेहरा असा पडला की मी जणू सासूबाईंना नावं ठेवली. विकत? डिंक आणि रंग सोडले तर काही म्हणून विकत आणायचं नाही हा तुमचा कायदा होता. घरात जे येईल, उरेल, मोडेल, त्यातूनच स्टेशन. बल्बभोवती वळ्यावळ्यांचा पुठ्ठा यायचा, तो भिजवून, वरचा कागद सोलून त्याची कौलं. मोडक्या छत्रीच्या काडीचा सिग्नल. सासूबाईंच्या छातीचा जुना एक्स-रे धुऊन, त्यातल्या फासळ्या घालवून, खिडक्यांच्या काचा. कुंडीतली तुळस वाळली की मी हळहळायची आणि तुम्ही तिच्या फांद्या कापसात गुंडाळून ठेवायचात, कारण तुमच्या मते वाळक्या तुळशीइतकं हुबेहूब झाड दुसऱ्या कशाचं होत नाही. माझ्या केसांच्या पिना कुठे जातात हे विचारणं मी लवकरच सोडून दिलं.

आणि रंगासाठी मी होते.

हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळा कळत नसे. स्टेशनमास्तरांचा मुलगा, रेल्वेतच जायचं ठरलेलं, आणि डॉक्टरी तपासणीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा काही केल्या दिसेना. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, एका संध्याकाळी, वीज गेलेली असताना, माझ्याकडे न बघता. नापास होऊन घरी आलात तर मामंजींचा विश्वास बसेना. लहानपणापासून झेंडे बरोबर ओळखणारा मुलगा, त्याला रंग दिसत नाहीत म्हणजे काय? त्यांनी तुम्हाला स्टेशन आणि क्वार्टर यांच्यामधल्या कडुलिंबाखाली उभं केलं, दोन्ही झेंडे धरले आणि विचारलं. तुम्ही बरोबर सांगितलंत. त्यांना हायसं वाटलं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी हात बदलले, आणि तुम्ही पुन्हा उजव्या हातातल्यालाच हिरवा म्हणालात. जन्मभर ते हिरवा उजव्या हातात धरत आले होते. तुम्ही हात ओळखत होतात, रंग नाही. मामंजी झेंडे गुंडाळून आत निघून गेले.

"तिथे मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही," तुम्ही म्हणालात. "अनवाणी होतो. पायाखालची माती तेवढी आठवते."

त्यानंतर तुम्ही दिल्लीत कारकुनी केलीत आणि रेल्वेबद्दल चकार शब्द काढला नाहीत. पण रविवारी फळी पलंगाखालून बाहेर यायची. "गेरूत थोडा काळा घाल, कौलं म्हातारी दिसली पाहिजेत," तुम्ही सांगायचात आणि मी वाटीत बोट बुडवून कालवायची. "झालं?" "नाही, अजून तांबूस आहे." "बरं, तू म्हणशील ते." या एकाच बाबतीत तुम्ही माझं म्हणणं निमूटपणे ऐकायचात. पोत माझा, रंग तुझा, अशी वाटणीच होती आपली.

बाकी सगळ्यात भांडण. मी म्हणायची, दार लाकडाचं होतं ना, मग लाकडाचंच करा, सागाची छान कपची पडलीय. तुम्ही म्हणायचात, "अगं, लाकूड कापून लहान होतं, त्याच्या रेषा लहान होत नाहीत." आणि पोस्टकार्डाचं दार कापून त्यावर सुईने रेघा ओढत बसायचात. मी हटून सागाचं दार करायला लावलं, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी उभी केलीत. "गाल फळीला लाव. एक डोळा मीट. आता बघ." मी पाहिलं. सागाचं दार एखाद्या पेटीचा तुकडा ठोकल्यासारखं दिसत होतं, आणि पोस्टकार्डाचं दार ढकलून आत जावंसं वाटत होतं. लहान करायला गेलं की खरी वस्तूच खोटी दिसते, असं तुम्ही जिंकल्यासारखं म्हणालात. डोळ्यांना पटलं. मला नाही पटलं, तेव्हाही आणि आजही. म्हणूनच तर तुमच्या स्टेशनावर माणूस नाही. मी म्हटलं होतं, निदान मामंजी तरी करा, झेंडे मी रंगवते. तुम्ही मान हलवलीत आणि दुसऱ्या कामाला लागलात.

मग आपण यमुना ओलांडून नोएडाला आलो. खाली वाळूचे ढीग, समोर सळया वर काढून उभ्या असलेल्या अर्ध्या इमारती, आणि स्टेशनाला स्वतःची खोली. हळूहळू घरात वस्तू येऊ लागल्या, आणि त्याहून तुम्हाला महत्त्वाचं म्हणजे त्यांची खोकी येऊ लागली. वॉशिंग मशीन आलं त्या दिवशी शेजारच्या सेठीबाई मिठाई मागायला आल्या, तर तुम्ही मशीनकडे पाठ करून खोक्यातला थर्माकोल कुरवाळत बसलेले.

"भाईसाब, मशीन तो दिखाइए!"

"भाभीजी, मशीन छोड़िए, ये देखिए. इसकी दीवार कितनी बढ़िया बनेगी!"

ती भिंत खरोखरच बढिया झाली. पेन्सिलीने दाबून तुम्ही त्यात काळ्या दगडाच्या चिऱ्यांच्या रेघा पाडल्यात आणि मी तिला काळा, करडा आणि किंचित निळा रंग दिला. पण जमाना तुमच्या कायद्याला धरून चालेना. मी गॅसला लायटर आणला आणि काडेपेट्या बंद झाल्या, म्हणून तुम्ही त्या लायटरवर रुसलात. मग नंदन कंपनीच्या कामाने जर्मनीला गेला आणि येताना एक देखणा डबा घेऊन आला. त्यात अख्खं स्टेशन, सुटे भाग, नुसतं चिकटवायचं. "बाबा, एकदम परफेक्ट आहे, यार. एक संध्याकाळ पुरेल." तुम्ही एकेक भाग खिडकीशी नेऊन पाहिलात, मनापासून वाहवा केलीत, सगळं होतं तसं डब्यात ठेवलंत आणि विचारलंत, "पण हे कुणाचं स्टेशन आहे?" नंदनचं तोंड एवढंसं झालं. तो डबा अजून कपाटावर आहे. तोही उद्या टेम्पोत जाईल.

आता माझ्या मातीकडे येते.

भाचीच्या लग्नाला मी अमरावतीला गेले होते. परतायच्या आदल्या दिवशी कुणाला न सांगता जीप केली आणि तुमच्या स्टेशनावर गेले. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कौलं गेलेली, दारं कुणी कुणी नेलेली, फलाटावर तुराट्या रचून ठेवलेल्या. कडुलिंब तेवढा होता. मी त्याच्याखाली बसले आणि हाताने माती उकरली. पिशवी नव्हती, म्हणून लग्नात ओटीत मिळालेला खण पर्समधून काढला आणि त्यात बांधली. दिल्लीपर्यंत ते गाठोडं मांडीवर घेऊन आले. डब्यात समोरच्या बाईने विचारलं, "प्रसाद है क्या?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते!

घरी येऊन गाठ सोडली आणि तुमच्यापुढे ठेवली. कुठली माती ते सांगितलं. तुम्ही चिमूट घेतलीत, बोटांत चोळलीत. पुष्कळ वेळ चोळत राहिलात. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार. आणि तुम्ही म्हणालात, "ही चालणार नाही."

"का?"

"कण मोठे आहेत. कडुलिंबाजवळच्या त्या बाकाशेजारी एकेक कण धोंड्याएवढा दिसेल."

"अहो, रंग तरी बघा! काळी माती, तिच्यात कोळशाची राख, थोडा मुरूम. जांभळट काळा. इतकी वर्षं चोथ्याला रंग देऊन देऊन मी हाच तर करायला बघतेय, तो होत नाही."

"मला रंग कुठे दिसतो? मला कण दिसतात."

"पण ही खरी आहे!"

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात.

त्या 'म्हणूनच'चा मला अजून राग आहे. तुम्ही आता नाही म्हणून तो कमी झालाय असं समजू नका. देवळातून अंगारा आणावा तशी मी ती माती आणली होती, आणि तुम्ही तिचे कण पाहत बसलात. मी कितीतरी दिवस कामापुरतं बोलले. तुम्ही तो खण गाठ मारून कुठेतरी नेलात. मला वाटलं, कुंडीत रिकामा केला असेल. पुन्हा तो विषय ना तुम्ही काढलात ना मी.

पुढे सगळी जमीन झाली. रुळांच्या कडेने, मालधक्क्यापाशी, क्वार्टरच्या मागे, सगळीकडे चोथा बसला, त्यावर माझे रंग चढले. फक्त कडुलिंबाखाली उघडं प्लायवूड राहिलं, तळहाताएवढं. मी येताजाता चिडवायची, "स्टेशनमास्तरांचे चिरंजीव, हे टक्कल कधी झाकणार?" तुम्ही स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवायचात. "एक झाकलं की लोकांना दुसरं दिसेल." हसणं व्हायचं आणि ते तसंच राहायचं. मला वाटायचं, आळस.

हॉस्पिटलात डॉक्टर तुमचा एक्स-रे उजेडाकडे धरून नंदनला काहीतरी समजावून सांगत होते. मी त्यांचा चेहराच बघत होते. तुम्ही माझा पदर ओढलात. मी वाकले. तुम्ही पुटपुटलात, "ती फिल्म मागून घे. मालधक्क्याच्या काचा राहिल्यात." मी म्हटलं, "गप्प पडून राहा बघू." आपलं हेच शेवटचं बोलणं. मी तुम्हाला गप्प राहायला सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत. फिल्म मी मागून घेतली आहे. धुवायचा धीर होत नाही. तुमच्या फासळ्या आहेत त्यावर.

आज सकाळी तुमची खोली आवरायला घेतली. नंदनने कपाट पुढे ओढलं तर मागून एक जुनी फळी निघाली, कापडात गुंडाळलेली. कापड ओळखलं. माझी मोतिया रंगाची शिफॉन साडी. ती मी भांडीवालीला दिली असं समजून कधीच विसरून गेले होते. तिच्या मधोमध मातीचा डाग होता, गाळून गाळून पडतो तसा. आत फळीवर मातीचे चौकोन होते, एकाला लागून एक. आणि फळीबरोबर माझा ओटीचा खण, गाठ मारलेला, अर्धा अजून भरलेला.

मी खालीच बसले. एका चौकोनात माती नुसती चाळलेली होती. पुढच्यात कुटलेली. त्याच्या पुढच्यात कुटून शिफॉनमधून गाळलेली, अगदी पिठासारखी, डोळ्यांना एक कण दिसणार नाही अशी. पोताच्या बाबतीत तुम्ही जिंकला होतात हो. पण माती एवढी बारीक केली की तिचा काळा उतरतो, ती राखेसारखी फिकी पडते. ते तुम्हाला कळलं असणार, फिकं-गडद तर तुम्हाला दिसायचं. मग पुढच्या चौकोनांत तुम्ही रंग घातला होतात. माझ्या वाट्यांतला, मला न विचारता, एकट्याने. एक चौकोन विटेसारखा झालाय. एक चक्क हिरवा आहे, शेवाळासारखा हिरवागार. तुम्हाला तो मातीचा वाटला असणार. त्याच्यावर तर तुम्ही दुसरा हातही दिलायत, बरोबर जमलं असं समजून.

मला हसू आलं. मोठ्याने आलं. मग रडू आलं ते थांबेचना. इतक्या दिवसांत लोकांसमोर रडले नव्हते ते सगळं त्या हिरव्या चौकोनावर रडले. नंदन धावत आला. "आई, काय झालं? काय आहे हे?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी माती रंगवलीय." त्याला काही कळलं नाही. बिचारा पाणी घेऊन आला.

अहो, हाक मारायची होती. मी पलीकडे स्वयंपाकघरात होते. "अगं, जरा रंग बघून जा," एवढं म्हटलं असतंत तर मी ओल्या हाताने आले असते. कण तुम्हाला दिसत होते, रंग मला दिसत होता, आणि मधे एक भिंत होती, तीही बिल्डरने बांधलेली, ठोकली तर ऐकू जाणारी. पण तुम्ही हाक मारणार नाही. माझी माती वापरायचा प्रयत्न चाललाय हे मग कबूल करावं लागलं असतं ना. वर्षानुवर्षं जागा उघडी ठेवलीत, माझं चिडवणं ऐकून घेतलंत, डोक्यावरून हात फिरवून हसलात, पण तोंडातून शब्द नाही. घराण्याचाच गुण हा, झेंडे गुंडाळून आत जायचं. आभार मानू की भांडू, मला कळत नाही. दोन्ही करते आहे.

दुपारी नंदन पॅकिंगच्या टेप आणायला गेला, तेव्हा मी बसले. माती कुटायला घेतली नाही. गाळायला शिफॉन घेतली नाही. टकलावर डिंक लावला, खणाची गाठ सोडली आणि आणली होती तशीच माती त्यावर पसरली. बोटाने हलकेच दाबली. सुकू दिली.

नंदन आला, मागे उभा राहून बघत राहिला. "मस्त झालंय, आई. पण हे दगड जरा मोठे नाही वाटत? म्हणजे बाकीच्या मानाने?"

"दगड नाहीत, माती आहे ती," मी म्हटलं. तुमचाच मुलगा तो.

तो बाहेर गेल्यावर मी गाल फळीला लावला आणि एक डोळा मिटला. तुमचं बरोबर होतं. कडुलिंबाखाली धोंडे पसरलेत. बाकाच्या पायाजवळचा एक कण बाकाच्या निम्म्याने आहे. तिथे एखादं अनवाणी पोर उभं केलं तर त्याच्या पायांना टोचेल. रंग मात्र अगदी तोच आहे, जांभळट काळा, राखेसकट. तो तुम्हाला कधी दिसणार नव्हता, म्हणून मी सांगते आहे.

खोटी दिसते, अहो. दिसू दे. मी काढणार नाही.